पत्रक सतरा

बझारगेट स्ट्रीटला, जाळीच्या लिफ्टशेजारच्या खोलीत
न पाहिलेली एक डोंगररांग
मी सात महिने काढत होते.

विमानातून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे,
वर स्टिरिओस्कोप.
आधी नुसती राख दिसते.
मग डावा डोळा उजव्याचं ऐकतो
आणि टेबलावरून डोंगर वर येतो,
एकदम, उतू जाणाऱ्या दुधासारखा.
पहिल्या दिवशी मी हात मागे घेतला होता.
घोन्साल्विस म्हणाले, सगळेच घेतात.

वीस मीटरला एक समोच्च रेषा, दर पाचवी जाड.
रेषेनं रेषेला ओलांडायचं नाही,
मध्येच कुणी सोडून जायचं नाही,
फिरून आपल्याच शेपटाशी यायचं
नाहीतर कागदाच्या कडेबाहेर.
आमच्या घरी हे नियम असते तर बरं झालं असतं.

दरी असेल तिथं रेषा वर टोक करते,
सोंड असेल तिथं खाली.
कोरड्या ओढ्याला तुटक निळी.
निळी शाई भरताना मला
उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

उंची समुद्रसपाटीपासून.
कुठल्या समुद्राच्या, ते मी विचारलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत बंदरापर्यंत जाऊन यायचे,
तिथला तर कधीच सपाट नसे.

हाताला टाल्कम, मनगटाखाली टीपकागद,
तरी ट्रेसिंग पेपर मुंबईची हवा प्यायचाच.
सकाळी मोजावं तर वाळवंट
कालच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर रुंद.
म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटर.
घोन्साल्विस पंखा बंद करत, चालू करत,
आणि कंपनीला वसईच्या बोलीत काहीतरी म्हणत.

सतरा नंबरात एक दरी काळोखात होती.
विमान उशिरा गेलं असणार.
घोन्साल्विस रजेवर, भाचीचं लग्न.
पत्रक शुक्रवारी जायचं होतं.
मी वरच्या रेषा पाहिल्या, खालच्या पाहिल्या,
मधल्या सहा मनानंच घातल्या.
तुटक काढायला हव्या होत्या,
तुटक म्हणजे खात्री नाही.
मी अखंड काढल्या.

हाताला कुठला तरी चढ ठाऊक असावा लागतो.
माझ्या हाताला असल्फ्याची टेकडी ठाऊक होती,
खालच्या नळावरून कळशी घेऊन येताना
कुठं दम लागतो, कुठं वळून उभं राहायचं,
कुठं शेवाळ.
तेच उतरलं कागदावर. शाई वाळली.
शुक्रवारी गेलं.

पुढल्या वर्षी इस्माईल परकार सुट्टीवर आला,
मुंब्र्याचा, साइटवर स्टाफ धरणारा.
सगळ्यांना खजूर वाटले.
मी सतरा नंबर त्याच्यापुढे पसरला.
त्यानं आधी उलटा धरला, मग सुलटा,
बोटानं ओढा शोधला
आणि हसत सुटला.

इथं चढ नाही ताई. कडा आहे. उभा.
तुमच्या नकाशावर भरवसा ठेवून निघालो,
साहेब पुढं, मी मागं, आणि पुढं जमीनच नाही.
खाली बकऱ्या एवढ्या एवढ्या.
वळसा घालायला पूर्ण दिवस गेला,
पाणी संपलं.

मी काहीच बोलले नाही.
तो म्हणाला, मनाला लावून घेऊ नका.
आता सगळी टोळी त्या कड्याला
मुंबईच म्हणते.
मुंबईच्या अलीकडे थांबू,
मुंबईवरून जपून.
पाकिस्तानी ड्रायव्हरसुद्धा.

दुरुस्ती मीच मागून घेतली.
ब्लेडचं पातं आडवं धरून
सहा रेषा खरवडल्या.
असल्फ्याचा चढ पांढऱ्या भुकटीत टेबलावर पडला,
नळ, शेवाळ, कळशी,
आणि घोन्साल्विसनी पंखा लावला.

कड्यापाशी सगळ्या रेषा
एकमेकींना चिकटून येतात.
तिथं काढायला फार काही नसतं.

खाली स्थलनामांचा रकाना होता.
कड्यापुढं पेन थोडं थांबलं.
मग लिहिलं,
उपलब्ध नाही.